एका काहिलीपुरतं

"वास घे, दादा. तूच घे. मी सांगून तुला पटायचं न्हाई," असं म्हणत हौसानं माझ्या हातातला तांब्या हिसकला आणि भावाच्या नाकाखाली धरला.

मी चिपाडाच्या गंजीमागं उकिडवा बसलो होतो. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. गंजीच्या पलीकडं उसाचा घाणा घरघरत होता, रस आटवायच्या काहिलीखाली जाळ चालला होता, आणि ज्या कोपऱ्यात कुत्रंसुद्धा फिरकत नाही तिथं माझी बायको आणि तिचा थोरला भाऊ हिंदुराव दत्त म्हणून उभे! हिंदुराव जुना पैलवान. कुस्ती सोडून वीस वर्षं झाली तरी कान मोडलेले आणि मान रेड्याची. त्याच्या एका हातात हौसाची कपड्यांची पिशवी होती.

त्या पिशवीचा अर्थ मला ठाऊक होता. आठ महिन्यांपूर्वी मी सरकारी दवाखान्यात बारा दिवस पडलो होतो. रक्ताची उलटी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आता प्यालास तर परत इकडं आणूच नका. घरी आल्यावर हौसानं मला देवासमोर बसवलं नाही की शपथ घातली नाही. चुलीपुढं भाकऱ्या थापता थापता एवढंच म्हणाली, "परत एक थेंब जरी गेला तर मी माहेरी. कायमची. आणि आत्तीलाबी नेणार, तुमच्यापाशी ठेवायची न्हाई." आत्ती म्हणजे माझी आई. माहेरी जायची धमकी सगळ्यांच्याच बायका देतात हो, पण सासूसकट जायची धमकी तुम्ही कुठं ऐकलीय? मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

हिंदुरावानं वास घेतला. कपाळाला आठ्या घालून पुन्हा घेतला. मग तांब्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि बहिणीकडं बघतच राहिला.

"हौसे, ही काकवी हाय गं."

"काय?"

"काकवी. चांगली ताजी हाय. गरम हाय अजून."

आणि तो जो हसायला लागला! पैलवानाचं हसणं ते, गंजीवरचे पारवे उडाले. हसणं ऐकून जाळ घालणारा म्हादू पळत आला, त्याच्यामागून गुऱ्हाळाचे मालक चौगुले अण्णा धोतर सावरत आले. काय झालं, काय झालं करत सगळे गोळा झाले, आणि हिंदुरावानं सांगितल्यावर तेही हसायला लागले. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं पोरी, गुळव्यानं काकवी न्हाई प्यायची तर काय लिंबाचा काढा प्यायचा?"

मी उभा राहिलो, कमरेचा टॉवेल झटकला आणि छाती काढली. खरं सांगतो, त्या वेळी मला राजा झाल्यासारखं वाटलं. आठ महिने ज्या घरात माझ्या तोंडाचा वास घेतल्याशिवाय मला ताट मिळत नव्हतं, त्या घराला मी आज चारचौघांत खोटं पाडलं होतं.

"घे आणखी वास," मी हौसाला म्हणालो. "सदऱ्याचा घे. चिपाडाची गंजी उपस. म्हादू, टिकाव दे हिला, जमीन खणून बघू दे."

तिचं तोंड काही मोकळं झालेलं दिसलं नाही. मला वाटलं, खजील झाली असेल. होऊ दे की, म्हटलं.

अण्णांनी पाहुण्यांना पुढं नेऊन पोत्यावर बसवलं. त्यांच्या गुऱ्हाळाची वडिलांपासून रीत होती. आलेल्याला रस द्यायचा, काकवी द्यायची, गरम गूळ आणि शेंगदाणे द्यायचे, आणि कुणाला कधी पुरे म्हणायचं नाही. वाटसरू असो की शाळेची सहल असो, खा बाबा, पोटभर खा. मग मी तर त्यांचा गुळव्या. रस काहिलीत पडल्यापासून तो गूळ होऊन थंड करायच्या वाफ्यात उतरेपर्यंत मालकाचंसुद्धा काही चालत नाही, गुळव्या म्हणेल ते. अर्धं मिनिट आधी उतरवला तर गूळ बसत नाही, अर्धं मिनिट उशीर झाला तर करपतो. ते अर्धं मिनिट ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. पिऊन असायचो तेव्हासुद्धा नव्हता, हे मी त्या काळी फुशारकीनं सांगायचो.

हिंदुराव गरम गुळाचा खडा चघळत म्हणाला, "पाव्हणं, माफ करा बघा. हिनं पाटं फोन केला, दादा, परत सुरू झालंय म्हणाली. म्हणून आलो."

"असू द्या की पाव्हणं," मी मोठ्या मनानं म्हणालो. "बायकांचं असंच असतंय. आठ म्हैनं झालं, थेंब न्हाई. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटंवर तिघंजण हुतं, तिघंबी परत प्याय लागलं. मी न्हाई."

"वाघ हाईसा," हिंदुराव म्हणाला.

हौसानं गुळाला हात लावला नव्हता. ती उभीच होती. आता ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "डब्यातलं लाडू कुठं नेलं?"

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या लेकीचं, रेखाचं लग्न त्याच वर्षी झालं होतं, आणि पहिल्या संक्रांतीला तिच्या सासरी पाठवायला हौसानं बेसनाचे लाडू केले होते. पस्तीस लाडू. डबा वरच्या फळीवर, माळ्याखाली. तिसऱ्या दिवशी बघते तर डब्यात चुरासुद्धा नाही. ते लाडू मी खाल्ले होते. भर दुपारी, हौसा शेतावर भांगलायला गेल्यावर, दोन दिवसांत, उभ्या उभ्या. पहिले दोन चवीला खाल्ले, एवढंच मला आठवतं.

आणि मी आईवर घातलं होतं.

"मला काय ठावं?" मी म्हणालो. "आईनं खाल्लं म्हणून तुला तवाच सांगिटलं की. तिनंबी कबूल केलं."

"आत्तीनं कबूल केलं खरं," हौसा म्हणाली, "आणि मी तिला नको नको ते बोलली. लेकीच्या वाणावर टपलीस म्हणून बोलली. आज पाटं ती केस विंचरत हुती. फणी वरच्या खुंटीला हुती. तिला काढता येईना. तिचा हात खांद्याच्या वर जातच न्हाई. तिनं मला हाक मारली, सूनबाई, फणी दे गं. फळी त्या खुंटीच्या वर हातभर हाय."

हिंदुरावानं गूळ चघळायचं थांबवलं.

"तवाच मला कळलं, हे परत खोटं बोलाय लागलं. आणि खोटं बोलाय लागलं म्हंजे प्याय लागलं, ही बावीस वरसं मी बघत आली. लाडू कुठंतरी देऊन बाटली घेतली असंल असं वाटलं. माझी पितळी कळशी अशीच गेली हुती."

"पण पीत न्हाई की गं!" अण्णा मध्ये पडले. "तुज्या समोर तांब्या हाय."

"म्हादूभाऊ," हौसानं त्याला विचारलं, "हे दिसाला काय काय खात्यात हितं?"

म्हादू भोळा माणूस. त्याला वाटलं, माझं कौतुक चाललंय. तो बोटांवर मोजत सांगायला लागला. "सकाळी आल्या आल्या रस, चार गिलास. मग पयल्या काहिलीची काकवी तांब्याभर. मग गरम गूळ, असा मुठीएवढा. जेवल्यावर परत काकवी. दुसऱ्या काहिलीला परत तांब्या. आणि घरी जाताना खिशात ढेकळं. ह्या केरबाअण्णाचं खाणं लई दांडगं बघा! पयलं इतकं नव्हतं."

"आणि पित्यात कुठं?" हौसानं विचारलं.

"कुठं म्हंजे? गंजीमागं."

"का? हितं कोण न्हाई म्हणतंय का त्यांना?"

म्हादू माझ्याकडं बघायला लागला. खरंच, त्या गुऱ्हाळात कुणी कुणाला नाही म्हणत नव्हतं. मी अण्णांच्या समोर पातेलंभर काकवी प्यालो असतो तरी त्यांनी वर शेंगदाणे दिले असते.

"हसू नकासा," हौसा म्हणाली. "तांब्यात काय हाय ते बगू नकासा. मी गंजीमागं आली तवा हे कसं बसलं हुतं ते मी बघितलं. पाठ करून, गुडघं पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी तांब्या धरून. माझ्या परसात बावीस वरसं हे असंच बसत हुतं. हे मोरीला जाऊन आलं की मुंग्यांच्या रांगा लागत्यात, दादा. पायाला मुंग्या येत्यात म्हणून निजेत पाय झाडत्यात. ह्यांचं सुटलेलं न्हाई. ह्यांनी नुसता माल बदललाय."

मला संताप आला. डोक्यात तिडीक गेली नुसती. मरणाच्या दारातून मी परत आलो होतो. रोज संध्याकाळी सहा वाजता माझ्या जिभेचं चामडं व्हायचं, कान तापायचे, हात थरथरायचे, आणि ते सगळं मी एकट्यानं सोसलं होतं. आणि ही म्हणे नुसता माल बदलला!

"गोड खाऊन कुणाचा संसार मोडलाय का?" मी ओरडलो. "गोड खाऊन कुणी बायकोवर हात टाकलाय का? गटारात पडलाय का? सोडायचंच म्हणशील तर आत्ता सोडतो. ह्या घडीपासनं बोट लावणार न्हाई. जनमभर! मी दारू सोडली, हा गूळ कोण लागून गेलाय?"

"जनमभराचं नको," हौसा म्हणाली. "जनमभराची आण तुमी अकरा येळा घेतलीया. ही काहील चढलीया न्हवं?"

काहिलीत नुकताच रस पडला होता.

"ही काहील उतरूस्तवर काय तोंडात घालायचं न्हाई. तेवढंच. मी हितं बसती. जमलं तर दादाला जेवाय घालून लावून देती. न्हाई जमलं तर मी जाती आणि आत्तीला संगं नेती."

मी अण्णांकडं बघितलं, हिंदुरावाकडं बघितलं, आणि मोठ्यांदा हसलो. तीन तास! आठ महिने दारूशिवाय काढलेल्या माणसाला तीन तासांची मुदत! "बस," मी म्हणालो. "पोत्यावर बस म्हंजे पाय दुखायचं न्हाईत."

हिंदुरावसुद्धा निर्धास्त झाला. त्यानं पिशवी उशाला घेतली आणि सावलीत आडवा झाला. हौसानं कुठूनशा पावट्याच्या शेंगा मिळवल्या आणि त्या निसत बसली. मी कामाला लागलो.

पहिला तास मी नुसता रुबाबात होतो. रस तापायला लागला, वर मळी आली, मी झाऱ्यानं मळी काढत होतो आणि मुद्दाम मोठ्यांदा बोलत होतो. म्हादूला जाळ कमी कर, जास्त कर, उगीचच. मध्येच हौसाला म्हणालो, "बघ, झोप येत असंल तर घे झोप, मी काय पळून जात न्हाई." ती शेंगा निसत राहिली.

दुसऱ्या तासाला रस पिवळा झाला. मग तांबूस व्हायला लागला, वर फेस चढला, आणि तो वास सुटला. तुम्ही कधी गुऱ्हाळावर गेला असाल तर तुम्हाला तो माहीत असेल. पंचवीस वर्षं मी त्या वासात उभा होतो आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तो वास नाकातून थेट गळ्यात उतरला. तोंडाला पाणी सुटलं, इतकं की गिळता गिळता पुरे. मी दुसरीकडं बघितलं. उसाच्या मोळ्या बघितल्या, अण्णांच्या बैलाची शिंगं बघितली. मनात म्हटलं, लिंबाचं लोणचं आठव. लोणचं आठवलं, आणि लगेच त्यातला गूळ आठवला.

मग हात थरथरायला लागले. मला ते थरथरणं चांगलं ओळखीचं होतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ह्याच हातांनी मला पाण्याचा पेला धरता येत नव्हता. मी झारा दोन्ही हातांनी घट्ट धरला. कान तापले होते. जिभेचं चामडं झालं होतं. सकाळचे अकरा वाजले होते आणि मला संध्याकाळच्या सहाची तहान लागली होती. मी पहिल्यांदा घाबरलो. हौसाला घाबरलो नव्हतो, तिच्या भावाला नव्हतो. आपल्याच हातांना घाबरलो.

म्हादूनं सवयीनं ओगराळं भरून काकवी काढली आणि माझ्यासमोर तांब्या धरला. "केरबाअण्णा, घे." बिचाऱ्याला पैज लागल्याचं ध्यानातच राहिलं नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो. तो शब्द तोंडातून काढायला मला जी ताकद लागली, ती काहील उतरवायलाही लागली नसती. पण काढला. हौसानं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. म्हादू तांब्या घेऊन गेला. मला वाटलं, झालं. डोंगर चढलो, आता उतार. माझी छाती पुन्हा वर आली. मी म्हादूला शिवी देऊन हसलोसुद्धा.

शेवटचा अर्धा तास तर गुळव्याला श्वास घ्यायला सवड नसते. पाक दाटतो, बुडबुडे जड होतात, त्यांचा आवाज बदलतो. तेव्हा ओगराळ्यानं जरासा पाक घ्यायचा, पाण्याच्या बादलीत सोडायचा, आणि पाण्यातच बोटांनी त्याची गोळी करायची. गोळी पसरली तर अजून वेळ आहे. गोळी धरली तर ती काहिलीच्या काठावर मारून बघायची, टक्क वाजली की उतरवायचं. पहिली गोळी पसरली. मी ती पाकात फेकली. दुसरी मऊ होती. तीही फेकली. सगळे उठून उभे राहिले होते, काहील उचलायचे दांडे धरून माझ्या तोंडाकडं बघत होते. हिंदुरावसुद्धा जागा होऊन आला. तिसरी गोळी मी काठावर मारली. टक्क!

"उतरा!"

चौघांनी जोर लावला, काहील हलली, वाकली, आणि सोन्यासारखा पाक वाफ्यात पसरला. करपला नाही, पातळ राहिला नाही. अण्णा पुढं झाले, "वा रे गड्या! आज हंगामातला पयला नंबर!" म्हणाले. हौसाही उठून वाफ्यापाशी आली होती. सगळ्यांचे डोळे त्या पाकावर होते.

माझेही होते. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या गालात काहीतरी आहे. गरम, गोड. जीभ त्याच्याभोवती फिरत होती. ती तिसरी गोळी. काठावर मारली, टक्क वाजली, आणि पुढचं माझ्या हातानं मला न विचारता केलं होतं. काठावरनं तोंडात. किती दिवसांची सवय असेल ती, माझ्या ध्यानातही आली नव्हती.

कुणी बघितलं नव्हतं. एकानंही नाही.

हिंदुरावानं माझ्या पाठीत थाप मारली. "झालं की! पाव्हण्यानं मैदान मारलं! हौसे, बघ, उगाच माझी पिठाची गिरण एक दिवस बंद ठेवलीस!"

हौसा माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तो चेहरा मी पुसून टाकला होता, तोच. ती हसत होती. लाजल्यासारखी हसत होती, पदराला हात पुसत होती. "जमलं की तुमास्नी," ती म्हणाली. "मला वाटलं न्हवतं. माझंच चुकलं बघा. चला घरी, दादाला जेवाय वाढती."

मला फक्त मान हलवायची होती. तेवढं केलं असतं तर भागलं असतं. गोळी विरघळत होतीच. आणखी दोन मिनिटं, कदाचित तीही नाहीत. पिशवी घरी परत गेली असती, हिंदुराव जेवून गेला असता, बायको हसत राहिली असती. आणि मी पुढच्या काहिलीला गंजीमागं गेलो असतो. हे मला तेव्हा लख्ख दिसलं. कुणी सांगावं लागलं नाही. बावीस वर्षं मी नेमकी अशीच मान हलवत आलो होतो.

मी तोंड उघडलं. बोलायला नाही. दाखवायला. लहान पोरानं आईला दाखवावं तसा आ केला आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

हौसाचं हसू गेलं. ती पुढं आली, माझ्या तोंडात बघितलं, आणि माझ्या हनुवटीखाली तळहात धरला.

"थुक," ती म्हणाली.

उभ्या जन्मात तिनं मला एकेरी हाक मारली नव्हती. दारू पिऊन मी तिला मारलं तेव्हाही नाही.

"थुक. माझ्या हातावर थुक."

मला थुकायचं होतं. देवाशपथ थुकायचं होतं. मी ओठ उघडले, जीभ पुढं रेटली, आणि जीभच मागं वळली. एवढीशी गोळी, चिंचोक्याएवढी. शंभर किलोचं पोतं खांद्यावर घेतलेला माणूस मी. माझी बायको हात पसरून उभी, तिचा भाऊ पिशवी घेऊन उभा, आणि मला ती गोळी तोंडातून बाहेर टाकता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सगळ्यांसमोर मी रडलो, आणि रडता रडता ती गिळली.

कुणी हसलं नाही.

"खाल्ली," मी म्हणालो. "थुकता येईना मला, हौसे. लाडूबी मीच खाल्लं. पस्तीसच्या पस्तीस. आईला मी सांगिटलं, तू खाल्लंस म्हण, न्हाईतर ही जाईल. ती बिचारी तशी म्हणाली."

हौसा पोत्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. तिला माझं दुःख नव्हतं त्या वेळी, आईला बोलली त्याचं होतं. "काय काय बोलली मी त्या म्हातारीला," एवढंच ती म्हणत होती.

हिंदुरावानं पिशवी खांद्याला लावली. "ऊठ हौसे. पैज हारलाय हा. चल. वाटेत आत्तीला घेऊ."

हौसानं डोळे पुसले. "दादा, ह्यांनी बावीस वरसांत माझ्याजवळ कितींदा पैज हारली असंल, मला मोजता यायची न्हाई. आज पयल्यांदा हारलो म्हणून सांगिटलं. तेबी कुणी बघितलं नसताना." ती उठून उभी राहिली. "तू हो फुडं. माझं हितं काम हाय."

"काम? तुजं हितं काय काम?"

"हाय म्हणलं न्हवं?"

दुपारी घरी जाऊन मी आईसमोर बसलो आणि लाडवांचं सांगितलं. आई म्हणाली, "मला डाळीचं पीठ बाधतंय, दोन घास खाल्लं तरी पोट फुगतंय. एवढंबी माझ्या सुनंला ठावं न्हाई ह्याचं मला लई वाईट वाटलं हुतं." मग सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि दोघींनी मिळून मला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन रक्त तपासायचं ठरलं. साखर निघणार हे मला ठाऊक होतं, आणि निघालीही, चांगली भरभक्कम. पण ते दुसऱ्या दिवशीचं.

त्या दिवशी दुपारची काहील अजून व्हायची होती. मी गुऱ्हाळावर पोचलो तर हौसा माझ्यामागून आली. तिनं अण्णांना काही विचारलं नाही. पदर खोचला, पाण्याची बादली घासून भरून घेतली, काहिलीच्या काठाशी ठेवली आणि तिच्याजवळ बैठक मारली.

"आता हे काय?" मी विचारलं.

"गोळी मी करणार. तुमी नुसतं बघायचं आणि सांगायचं."

म्हादूनं खाली मान घालून हसू दाबलं. बाईमाणसानं गोळी धरायची हे आमच्याकडं कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, हौसाकडं बघितलं, आणि खोकून दुसरीकडं निघून गेले.

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं? बोटं भाजतील."

"भाजू देत. शिकवा."

तीन तास ती तिथून हलली नाही. मला वास यायचा, हात थरथरायचे, आणि मी तिला सांगायचो, आता थरथरतायत बघ. ती म्हणायची, थरथरू देत. बुडबुडे जड झाले तसं मी ओगराळ्यानं पाक घेऊन बादलीत सोडला. तिनं पाण्यात हात घातला, स्स्स केलं, बोट झटकलं, पुन्हा घातला आणि ओबडधोबड गोळी वळून माझ्या डोळ्यांसमोर धरली. तिच्या बोटांवरून पाणी ठिबकत होतं. गोळी माझ्या ओठांपासून वीतभर होती. मी दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"बोला की," हौसा म्हणाली. "झाली का?"

"मऊ हाय," मी म्हणालो. "अजून मऊ हाय."

तिनं गोळी परत काहिलीत टाकली.